बावीस मिनिटं, दोनशे खुर्च्या

‘पुरोगामी’ हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. आपल्याकडे राज्य पुरोगामी, पक्ष पुरोगामी, व्याख्यानमाला पुरोगामी, आणि ‘पोटजातीची अट नाही’ असं ठळक अक्षरांत छापून खाली बारीक टायपात गोत्र विचारणारं वधूपित्याचं कुटुंबही पुरोगामीच. तेव्हा संगीतातही एक पुरोगामी पंथ आहे आणि इंग्लंडात त्याला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात, असं मी सांगितलं तर कुणाला धक्का बसू नये. पुरोगामी चळवळीची तीन लक्षणं जगभर सारखीच असतात. भाषण लांबतं, कार्यकर्ते आपसांत भांडतात आणि दर दोन वर्षांनी संघटना फुटते. या संगीताला ही तिन्ही लक्षणं तंतोतंत लागू पडतात.

साधं रॉक गाणं तीन मिनिटांचं. मुलगी भेटली, आवडली, निघून गेली, संपलं. १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडातल्या काही पोरांना वाटलं, की एवढी मोठी तबकडी, तिला दोन बाजू, आणि तिच्यावर असल्या चिल्लर गाण्यांची दाटी कशाला करायची? त्यांनी एका अख्ख्या बाजूवर एकच गाणं घालायला सुरुवात केली. मुलगी भेटेपर्यंतच दहा मिनिटं जाऊ लागली. ‘जेथ्रो टल’ या मंडळींनी तर १९७२ साली तबकडीच्या दोन्ही बाजूंवर मिळून एकच गाणं घातलं. म्हणजे गाणं ऐन रंगात आलं, की श्रोत्यानं उठायचं, तबकडी उलटायची आणि पुन्हा बसायचं. जेवणाच्या मध्येच पान वळवून घेण्यातला हा प्रकार.

वाद्यंही अशीच. मेलोट्रॉन नावाची एक पेटी असे. तिच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर व्हायोलिनच्या ताफ्याचा किंवा गाणाऱ्यांचा मुद्रित केलेला एकेक सूर. पट्टी दाबली, की अख्खा वाद्यवृंद वाजे. पण तुकड्याची लांबी साधारण आठ सेकंदांची. आठ सेकंदांनी सूर संपे, मग बोट उचलायचं, फीत मागे जाऊ द्यायची आणि पुन्हा दाबायचं. दम्याचा विकार असलेला वाद्यवृंद म्हणा ना!

तालाच्या बाबतीत मात्र आपण मराठी माणसं या लोकांना मुळीच भ्यायचं कारण नाही. ‘पिंक फ्लॉइड’चं पैशावरचं गाणं १९७३ साली आलं. ते सात मात्रांत बांधलेलं आहे, याचं पाश्चात्त्य जगाला केवढं कौतुक! अरे, आमच्याकडे शेजारची बबी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेसाठी रोज सकाळी रूपक घोटते, तिला कुणी पुरोगामी म्हणत नाही.

या पंथाची दीक्षा मला मिळाली ती गिरगावातल्या चाळीत, १९७२ साली. माझ्या मित्राचा थोरला भाऊ बोटीवर होता. बोटीवरचे भाऊ त्या काळी घरी येताना सेंटच्या बाटल्या, चॉकलेटं आणि नायलॉनच्या साड्या आणत. या भल्या माणसानं एक तबकडी आणली. वेष्टनावर गुलाबी आणि करड्या रंगाचं परीकथेतलं गाव होतं आणि ती वाजवणाऱ्यांचं नाव होतं ‘कॅरॅव्हॅन’. तबकडी १९७१ची. त्याच वर्षी आपल्याकडे जितेंद्र आणि आशा पारेख यांचा ‘कारवाँ’ आला होता, त्यामुळे पुढे मी या मंडळींची आणखी एखादी तबकडी मिळते का म्हणून जिथे जिथे विचारलं, तिथे तिथे दुकानदारानं हसतमुखानं राहुल देव बर्मन पुढे केला. तोही मी काही नाकारला नाही.

त्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर गोल्फच्या मैदानावर चहा विकणाऱ्या एका मुलीचं गाणं होतं. चहावर गाणं करणारे साहेब आम्हांला तत्काळ घरचे वाटू लागले. दुसऱ्या बाजूवर मात्र एकच चीज होती. ‘नाइन फीट अंडरग्राउंड’, म्हणजे जमिनीखाली नऊ फूट. कालावधी बावीस मिनिटं आणि वर काही सेकंद. आम्ही ती मित्राच्या घरी, त्याच्या आजोबांच्या वामकुक्षीच्या वेळा चुकवून ऐकत असू. एके दिवशी आजोबा जागेच राहिले. आडवे पडल्या पडल्या त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. आता पंचाच्या उपरण्यासकट आपल्याला गॅलरीत उभं करणार, असं आम्हांला वाटत असताना ते म्हणाले, “घाई नाही हो यांना. मांडणी करतात. आवाज फार करतात, पण मांडणी करतात.” आजोबांनी उमेदीत मोठमोठ्या गवयांच्या बैठका ऐकलेल्या. त्यांच्या तोंडून ‘मांडणी’ हा शब्द म्हणजे शालजोडीच. पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, “तुमचा तो गोऱ्यांचा ख्याल लावत नाही का आज?”

त्या तबकडीला एक चरा पडला होता. तो कुणी पाडला यावर मित्राच्या घरात तीन पक्ष होते. गाणं शेवटाकडे वळलं, की सगळी वाद्यं खाली येतात आणि एक हळू, उदास गाणं सुरू होतं. नेमकी तिथेच सुई अडायची. एकच शब्दाचा तुकडा पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. मग मित्र उजव्या हाताच्या करंगळीनं सुईला अलगद टोचणी द्यायचा आणि ती पुढे सरकायची. हे त्याला इतकं सवयीचं झालं होतं, की कॅरम खेळता खेळता, मान न वळवता, तो हात लांबवून सुई पुढे ढकलत असे. आमच्या दृष्टीनं त्या गाण्यात पाच वाजवणारे होते. चार साहेब आणि एक करंगळी.

आता थोडा इतिहास. कॅरॅव्हॅन हे मूळ कँटरबरीचं प्रकरण. कँटरबरी म्हणजे इंग्लंडमधलं पंढरपूर म्हणायला हरकत नाही. ११७० साली तिथल्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा खून झाला आणि पुढे शतकानुशतकं तिथे यात्रेकरूंची रीघ लागली. अशा देवभोळ्या गावात सायमन लँगटन नावाची मुलांची शाळा आहे. त्या शाळेत रॉबर्ट वायट, माइक रॅटलेज, ह्यू हॉपर आणि ब्रायन हॉपर ही पोरं शिकत होती. वायटच्या आईचं जवळच्या लिडन गावी मोठं घर होतं. तिथे ती भाडेकरू ठेवी आणि त्यातला डेव्हिड ॲलन नावाचा एक ऑस्ट्रेलियन भाडेकरू तर जॅझच्या तबकड्यांचा गठ्ठा घेऊनच आला. पोरं बिघडायला याहून जास्त काही लागत नाही.

१९६४ साली या टोळक्यानं ‘वाइल्ड फ्लॉवर्स’ नावाचा एक वाद्यमेळ काढला. त्याची एकही तबकडी त्या वेळी निघाली नाही. पण त्यातून फुटून जे निघालं त्याचा वंशवृक्ष काढायचा, तर भिंत पुरत नाही. १९६६ साली ‘सॉफ्ट मशीन’ निघालं. १९६८ साली उरलेल्यांनी ‘कॅरॅव्हॅन’ काढलं. त्यात गिटारवर पाय हेस्टिंग्ज, ढोलांवर रिचर्ड कॉफलन, आणि डेव्हिड व रिचर्ड हे सिंक्लेअर घराण्यातले चुलतभाऊ. चुलतभाऊ म्हटल्यावर पुढचं आपल्याला सांगायला नको. १९७१ साली डेव्हिड बाहेर पडला आणि वायटच्या नव्या मेळाव्यात गेला. १९७२ साली रिचर्ड बाहेर पडून त्यानं ‘हॅटफील्ड अँड द नॉर्थ’ काढलं. हे नाव लंडनबाहेर पडतानाच्या रस्त्यावरच्या पाटीवरून घेतलेलं आहे. आपल्याकडे कुणी वाद्यवृंदाचं नाव ‘ठाणे व पुढे’ असं ठेवील का? १९७३ साली डेव्हिड परत आला. गेलेला भाऊबंद दोन वर्षांत परत येतो आणि पुन्हा पंगतीला बसतो, हे पाहून मला तरी साहेबाच्या भाऊबंदकीत काही दम वाटला नाही.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. १९६८च्या उन्हाळ्यात या चौघांजवळ घरभाड्याला पैसे नव्हते. तेव्हा ते कँटरबरीजवळच्या ग्रेव्हनी नावाच्या खेड्यात गेले. तिथल्या गावकीच्या हॉलमध्ये दिवसभर तालमी करायच्या आणि रात्री हॉलबाहेर तंबू ठोकून झोपायचं, असा त्यांचा संसार होता. ‘कॅरॅव्हॅन’ या नावाला इतकं जागलेलं दुसरं कुणी मला ठाऊक नाही. आणि हा काही अपवाद नव्हता. हे सगळं पुरोगामी संगीत मुळात असल्याच लहान, कोंदट जागांतून उगवलं. लंडनच्या टॉटनम कोर्ट रोडवर एका आयरिश नाचघराच्या तळघरात १९६६च्या डिसेंबरात ‘यूएफओ’ नावाचा क्लब निघाला. तिथे पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन ही घरची मंडळी. सोहो भागात वॉर्डर स्ट्रीटवर ‘मार्की’ होता. तिथे गर्दीच्या रात्री भिंतींना घाम फुटत असे. लंडनबाहेर एल्सबरी गावात ‘फ्रायर्स’ नावाचा क्लब होता. तिथे १९७१ साली ‘जेनेसिस’च्या पीटर गेब्रिएलला इतका चेव आला, की त्यानं रंगमंचावरून श्रोत्यांत उडी घेतली. श्रोत्यांनी त्याला नीट झेललं नाही आणि त्याचा घोटा मोडला. पण गवयानं उडी मारली तर ती श्रोत्यांतच पडेल, एवढं अंतर दोघांमध्ये होतं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मोठ्या जागांना ही पोरं परकीच होती. १३ ऑगस्ट १९७० रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स या घरंदाज महोत्सवात सॉफ्ट मशीनला बोलावलं होतं. वायट कार्यक्रमाआधी मागच्या दारानं बाहेर सिगारेट ओढायला गेला. परत येताना रखवालदार त्याला आत सोडीना. ‘मला आत वाजवायचंय,’ असं यानं सांगितलं, तर रखवालदार म्हणाला, की इथे फक्त खरं संगीत वाजतं. हा किस्सा वायटनं स्वतःच सांगितलेला आहे. इंग्लंडातही कलावंतापेक्षा रखवालदाराला संगीतातलं अधिक कळतं, हे वाचून मला बरं वाटलं.

पण लवकरच रखवालदार सलाम करू लागले आणि तिथेच घोटाळा झाला. पैसा आला, मैदानं आली, आणि मैदान भरायचं म्हणजे सामान हवं. ‘इमर्सन, लेक अँड पामर’ यांपैकी लेकसाहेब रंगमंचावर इराणी गालिच्यावर उभे राहून गात. १९७७ साली या तिघांनी अमेरिकेच्या दौऱ्यावर अख्खा वाद्यवृंद बरोबर नेला आणि थोड्याच काळात हिशेबाची वही पाहून बहुतेकांना घरी पाठवलं. वऱ्हाड नेणं सोपं असतं. जेवू घालणं अवघड, हे त्यांना आपल्याकडच्या कुठल्याही मुलीच्या बापानं फुकट सांगितलं असतं.

‘यस’ या मंडळींची कथा तर आपल्या जवळची आहे. त्यांच्या गायकानं, जॉन अँडरसननं, परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला घेतलं. त्यात एका तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्रं अशी शास्त्रांची चार भागांत वाटणी दिली आहे. आपल्यासारखा वाचक तळटीप ओलांडून पुढे जातो. अँडरसननं तिच्यावर चार बाजूंची, ऐंशी मिनिटांची जोडतबकडी काढली. १९७३च्या डिसेंबरात ती बाहेर आली. त्यांच्यात पियानो-ऑर्गन वाजवणारा रिक वेकमन याला ही श्रुति-स्मृती काही झेपेना. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याला बराच वेळ वाजवायला काही नव्हतं. ऑर्गनखाली बसलेल्या त्याच्या मदतनिसानं रात्री काय खाणार म्हणून विचारलं, यानं हिंदुस्थानी जेवणाची यादी सांगितली, आणि मदतनिसानं ते कार्यक्रम चालू असतानाच आणून दिलं. वेकमननं ऑर्गनवर पानं मांडून, हजारो श्रोत्यांसमोर, चिकन विंदालू आणि पापड खाल्ले. पुढच्या वर्षी तो त्या मेळातून बाहेर पडला. म्हणजे पाहा, आपल्या शास्त्रांनी जे जोडलं ते आपल्या गोव्याच्या विंदालूनं मोडलं. हिंदुस्थानचा पाश्चात्त्य संगीतावरचा प्रभाव या विषयावर पुष्कळ ग्रंथ निघालेत. त्यांत या विंदालूला यथायोग्य स्थान मिळालेलं नाही.

याच वेकमननं १९७५ साली वेम्बलीला राजा आर्थरची कथा वाद्यवृंदासह, बर्फावर स्केटिंग करणाऱ्या सरदारांच्या संगतीनं, तीन रात्री सादर केली. लढाईत दोन्ही बाजूंचे सरदार जोडीजोडीनं एकमेकांना मारत. तो सांगतो, की एका रात्री एक सरदार आजारी पडून आलाच नाही. सगळे धारातीर्थी पडल्यावर एक सरदार जोडीदाराविना उरला. तो बिचारा मारणारा कुणी मिळेना म्हणून बराच वेळ बर्फावर घिरट्या घालत राहिला आणि अखेर त्यानं स्वतःच्याच हातानं समाधी घेतली. मला तर त्या सरदारात सगळी चळवळच दिसते. नंतर तिचंही तसंच झालं. १९७६ साली पंक नावाची पोरं आली. तीनच सूर, तीनच मिनिटं आणि शिव्या. त्यांच्यातला जॉनी रॉटन ‘मला पिंक फ्लॉइडचा तिटकारा आहे’ अशा अर्थाचा मजकूर असलेला बनियन घालून हिंडे. गंमत म्हणजे १९७७ साली त्याला रेडिओवर आवडीच्या तबकड्या लावायला बोलावलं, तेव्हा त्यानं पुरोगामी पंथातल्याच पीटर हॅमिलच्या तबकड्या लावल्या. चारचौघांत देव न मानणारे घरी सत्यनारायण घालतात, त्यातलंच हे.

या धामधुमीत आमच्या कॅरॅव्हॅनचं काय झालं? काहीच नाही. ती मंडळी मुळात एवढी मोठी झालीच नव्हती. ज्या तबकडीवर आमची तारुण्याची चार वर्षं गेली, ती १९७१ साली विक्रीच्या यादीत कुठेही नव्हती. गालिचा नाही, बर्फ नाही, वऱ्हाड नाही. त्यामुळे दिवाळं वाजायचा प्रश्न नाही. मध्ये काही वर्षं मुक्काम हलला, १९९०मध्ये पुन्हा तंबू ठोकला, माणसं गेली, माणसं आली. पण लहान सभागृहांतून वाजवणं चालू राहिलं. जे मोठे झाले होते त्यांच्यापैकीही पुष्कळांना नंतर याच वाटेनं यावं लागलं. ‘मॅरिलियन’ या पुढच्या पिढीतल्या मेळाला १९९७ साली अमेरिकेचा दौरा परवडेना, तेव्हा चाहत्यांनी आपसांत वर्गणी काढून सुमारे ६०,००० डॉलर जमवले आणि त्यांना लहान लहान क्लबांतून वाजवायला बोलावलं. २००१ साली तर बारा हजारांवर लोकांनी तबकडी निघण्याआधीच पैसे भरले आणि त्या पैशांतून ती निघाली. पाश्चात्त्य जगात ही मोठी क्रांती मानतात. आमच्या चाळीत दर भाद्रपदात ही क्रांती पावतीपुस्तक घेऊन दार वाजवते.

तर २०१८ साली, कॅरॅव्हॅनला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, आम्ही उभयता केंट परगण्यात लेकीकडे मुक्कामाला होतो. जावईबापू संगीतातले नाहीत. पण माझी एकूण बडबड ऐकून त्यांनी जवळच्याच एका गावातल्या कार्यक्रमाची तीन तिकिटं काढली. “बाबा, हॉल लहान आहे हां,” असं ते काहीशा ओशाळल्या स्वरात म्हणाले. हॉल लहान होता म्हणजे किती? मध्यंतरात मी खुर्च्या मोजल्या. वीस-वीसच्या दहा रांगा. दादरच्या मंगल कार्यालयात मुंजीलासुद्धा याहून जास्त खुर्च्या मांडतात. त्यातल्या चाळीसेक रिकाम्या होत्या आणि त्यांवर लोकांनी आपापले कोट ठेवले होते.

सौभाग्यवती दारातच थांबली. रॉक म्हणजे केस वाढवलेली, हिडीसफिडीस करणारी तरुण पोरं असतील, या भीतीनं तिनं गळ्यातलं मंगळसूत्र स्वेटरच्या आत घेतलं होतं. आत पाहते तो सगळीकडे पांढऱ्या दाढ्या, टकलं आणि कानयंत्रं. “अहो, हा तर ज्येष्ठ नागरिक संघ आहे!” ती म्हणाली. आणि काही वेळानं, अत्यंत समाधानानं, तिनं आणखी एक शोध लावला. पुरुषांच्या स्वच्छतागृहासमोर मारुतीच्या शेपटाएवढी रांग होती आणि बायकांचं मोकळं. “असल्या गाण्याला मी नेहमी येईन,” ती म्हणाली. या संगीताचे भक्त बहुतांशी पुरुष, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. पण त्याचा हा उपयोग कुठल्याही समीक्षकाला सुचलेला नाही.

ते आले. आले म्हणजे बाजूच्या दारातून, आपापली पाण्याची बाटली हातात घेऊन, आपण गच्चीवर जातो तसे आले. मूळच्या चौघांतला एकच उरला होता. पाय हेस्टिंग्ज, वय एकाहत्तर. कॉफलन २०१३ साली वारला. १९७२मध्ये आलेला जेफ्री रिचर्डसन हा त्यांच्यातला ‘नवा’. तो व्हायोलिनची थोरली बहीण जी व्हियोला ती वाजवतो, बासरी वाजवतो, मँडोलिन वाजवतो आणि चहावाल्या मुलीच्या गाण्यात त्यानं चक्क जेवणाचे दोन चमचे एकमेकांवर आपटून असा काही ताल धरला, की सौभाग्यवती सावरून बसली. स्वयंपाकघरातली वस्तू दिसल्याबरोबर तिला हे संगीत कळू लागलं.

मी तिसऱ्या रांगेत होतो. तिथून मला हेस्टिंग्जच्या डाव्या हाताची बोटं दिसत होती. जमिनीवर चिकटवलेला गाण्यांच्या क्रमाचा कागद दिसत होता. दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घेई ते ऐकू येत होतं. त्याचा आवाज उंच आणि पातळ, तरुणपणीही तसाच होता. आता वरच्या सुराला पोचायला त्याला थोडे कष्ट पडत. तो डोळे मिटून घेई, आणि पोचे. पडद्यावर वीसपट मोठा करून दाखवला असता, तर मला चेहरा दिसला असता; कष्ट दिसले नसते. बैठकीत पहिल्या रांगेसाठी आजोबा दोन तास आधी जाऊन का बसत, ते मला त्या इंग्रजी गावात, प्लास्टिकच्या खुर्चीवर समजलं.

आणि शेवटी ती बावीस मिनिटं आली. ऑर्गन सुरू झाला तसे दीडशे म्हातारे एकदम गप्प झाले. कोटांची सळसळ थांबली, खोकले थांबले. समोरच्या रांगेतला एक गृहस्थ, चांगला बँकेतून निवृत्त झाल्यासारखा दिसणारा, हवेत पेटी वाजवू लागला. प्रत्येक जागा प्रत्येकाला पाठ. आता हे येणार, आता ते येणार, असं म्हणत सगळे समेची वाट पाहत होते आणि सम आली, की दीडशे माना एकदम हलत होत्या. एकमेकांची भाषा न कळणारी माणसंही समेवर एकत्र भेटतात.

मग वाद्यं खाली आली आणि ते हळू, उदास गाणं सुरू झालं. ती जागा जवळ येऊ लागली. शेहेचाळीस वर्षं माझ्या कानांना माहीत होतं, की इथे गाणं अडतं. माझा मित्र २००९ साली गेला. ती तबकडी कुणाकडे गेली, ते मला ठाऊक नाही. नंतर माझ्याकडे त्याच गाण्याची कॅसेट आली, सीडी आली. तिथे ते अडत नव्हतं, पण यंत्र अडत नाही यात यंत्राचं कौतुक ते काय? इथे मात्र समोर माणसं होती. मी पाहिलं तर माझ्या उजव्या हाताची करंगळी खुर्चीच्या हातावरून आपोआप उचलली गेली होती.

ते अडले नाहीत. तो शब्द आला, एकदाच आला, आणि गाणं त्या चऱ्यावरून सरळ पुढे निघून गेलं. मग ढोल, मग शेवटची ती धावती जागा, आणि सगळे उभे. मीही उभा राहिलो. चष्मा पुसायला मला जरा वेळ लागला. सौभाग्यवतीनं काही विचारलं नाही. फक्त पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि टाळ्या वाजवत राहिली.

नंतर मी या सगळ्याचा विचार करत राहिलो. इतिहास लिहिणारे लोक या पंथाची कथा साधारण अशी सांगतात : लहान क्लबांतून निघाला, मैदानांत पोचला, तिथे पडला आणि आता गावोगावच्या हॉलांतून कसाबसा जगतो आहे. चढण, शिखर, उतरण. मला तो नकाशाच उलटा वाटतो. बावीस मिनिटांची मांडणी करणारं गाणं हे मुळात दोनशे खुर्च्यांसाठीच असतं. ऐकणाऱ्यालाही त्यात काम असतं. त्याला वाट पाहावी लागते, आठवण ठेवावी लागते, सम ओळखावी लागते. पन्नास हजारांच्या मैदानात ते काम होत नाही, म्हणून मग तिथे गालिचे लागतात आणि बर्फावरचे सरदार लागतात. मैदान ही या मंडळींची मधली दहा वर्षांची परदेशवारी होती. परतून ती आपल्या घरी आली. कॅरॅव्हॅन तर फार लांब गेलीच नव्हती, म्हणून घराची वाट विसरली नाही. ग्रेव्हनीच्या हॉलपासून त्या रात्रीच्या हॉलपर्यंत पन्नास वर्षांत त्यांनी काय कमावलं, याचा हिशेब बँकेत कदाचित फारसा भरणार नाही. पण बाहेर तंबू ठोकावा लागत नाही आणि आत दीडशे माणसांना सगळं पाठ आहे, ही प्रगती काही थोडी नव्हे.

गाडी लांब लावलेली होती. पावसाची भुरभुर होती. जावईबापूंनी भीत भीत सासूबाईंना विचारलं, “कसं वाटलं, आई?”

“आवाज फार करतात,” सौभाग्यवती म्हणाली. मग दहा पावलं चालून झाल्यावर, “पण ते चमचे छान वाजवले हो त्यानं. पुढच्या वेळी गाडी जरा जवळ लावा.”